सोनसळीच्या टाकीतला हापूस

वाघोटणच्या खाडीत तेव्हा दहा-बारा हाउसबोटी होत्या आणि त्यांत सर्वांत देखणी हेमांगी तारीची 'सोनसळी' होती. सागवानी कठडे, सौरपत्र्यांचं छप्पर, आवाज न करणारी विजेची मोटर, आणि हेमांगीच्या हातचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. पर्यटक संध्याकाळी चढत, सूर्यास्ताचे फोटो काढत, बोटं चाटत जेवत. सकाळी मात्र चहाही न घेता उतरून जात.

कारण संडास.

पूर्वी बोटीतलं सगळं सरळ खाडीत जायचं. नव्या किनारा कायद्याने ते बंद केलं. आता प्रत्येक बोटीच्या पोटात मैल्याची टाकी होती आणि ती आठवड्यातून एकदा जेट्टीवरच्या पंपाने उपसली जाई. उरलेले दिवस ती आपल्या परीने अस्तित्व जाणवून देई. त्यातच पर्यटन खात्याने प्रत्येक बोटीवर एक 'ई-नाक' बसवलं होतं. दाराजवळ साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, तिच्यावर छोटा पडदा. डबी हवेतला वास ओळखायची, पडद्यावर लिहायची आणि त्याच क्षणी बुकिंगच्या ॲपवरही टाकायची. सोनसळीच्या पडद्यावर बारा महिने दोनच शब्द असत: सडकी अंडी.

हेमांगीचा नवरा जयेंद्र बोट चालवायचा. त्याला ही डबी अन्यायकारक वाटे. "माका तर कसलोच वास येणा नाय," तो म्हणायचा. आणि ते खरं होतं. हा वास असा आहे की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यामुळे बोटीवर राहणाऱ्यांना सोडून तो सगळ्यांना यायचा.

हेमांगीने फिनेल घातलं, डांबरगोळ्या टांगल्या, कापूर जाळला, जाहिरातीत पाहून एक निळं औषध मागवून ओतलं. त्यानंतर काही दिवस टाकीला सडकी अंडी अधिक कापूर असा वास आला. दिवाळीच्या सुटीत नागपूरचं एक नवं जोडपं उतरलं. मुलगी जाताना नाकावरची ओढणी न काढता म्हणाली, "काकू, जेवण फारच छान होतं." 'जेवण' या शब्दावर तिने दिलेला जोर हेमांगीला दिवसभर ऐकू येत राहिला.

डॉ. पौलोमी रेडकर डिसेंबरात आली. रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत ती सूक्ष्मजीवांवर काम करायची. वय तिशीच्या आसपास, पाठीवर पिशवी, हातात बर्फाचा डबा. बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या तिने खोल श्वास घेतला आणि चेहरा उजळला.

"अभिनंदन, ताई," ती म्हणाली. "सगळ्या ई-नाकांचे आकडे माझ्याकडे येतात. अख्ख्या किनाऱ्यावर तुमच्याइतका हायड्रोजन सल्फाइड कुणाकडेच नाही."

हेमांगीने चहा टाकला.

चहा पिता पिता पौलोमीने समजावून सांगितलं. मैल्यात दोन तऱ्हांचे जिवाणू असतात. एकांना हवा लागते. ते मैला पचवतात आणि फारसा वास करत नाहीत. दुसऱ्यांना हवा चालत नाही. बंद टाकीत हवा संपली की पहिले मरतात आणि दुसऱ्यांचं राज्य येतं. "त्यात तुमचा संडास खाडीच्या पाण्यावर चालतो. खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं, म्हणजे गंधकाचा क्षार. आपण श्वासात प्राणवायू घेतो, तसं हे जिवाणू सल्फेट घेतात. आणि सोडतात काय, तर सडक्या अंड्याचा वायू. तुम्ही दर वेळी साखळी ओढता तेव्हा त्यांना नवा श्वास देता."

"मग ह्याला उपाय?"

पौलोमीने बर्फाच्या डब्यातून ताकासारखं काहीतरी भरलेली बरणी काढली. तिने प्रयोगशाळेत वाढवलेला हा तिसरा जिवाणू होता. तो दुर्गंधी वायू खायचा, त्यातला गंधक स्वतःच्या अंगात कणाकणाने साठवायचा आणि संख्येने वाढत जायचा. नाव तिने ठेवलं होतं, गंधपालट.

"म्हणजे विरजण," हेमांगी म्हणाली.

"अगदी तेच. वास नाहीसा होईल. काहीच उरणार नाही."

विरजण टाकीत गेलं. आठवड्याने वास खरोखर गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात जयेंद्र सकाळी दाराशी उभा राहून डबीच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने बायकोला हाक मारली. पडद्यावर लिहिलं होतं: पिकलेला आंबा.

हेमांगीने संडासाचं दार उघडलं. आत वैशाखातल्या दुपारचा वास होता. अढीतलं गवत बाजूला केल्यावर येतो तो, गोड, किंचित उग्र, भूक लावणारा. शंकाच नव्हती. हापूस होता.

तिने पौलोमीला फोन लावला. पौलोमी हळूच म्हणाली, "असं होऊ शकतं खरं. गंधक जास्त असला की घाण येते, पण पिकलेल्या फळांच्या वासातही तोच असतो, अगदी कणभर, वेगळ्या रेणूंत बांधलेला. माझा जिवाणू उरलेला गंधक तसा बांधून बाहेर टाकतोय. खाडीच्या पाण्यात काहीतरी आहे जे माझ्या प्रयोगशाळेत नव्हतं. बंद करू का?"

हेमांगीने एकदा संडासाकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली. "राहू दे."

त्यानंतरचे दोन महिने सोनसळीचे होते. ॲपवर तिच्या संडासाचे सूर्यास्तापेक्षा जास्त फोटो दिसू लागले. पाहुणे आत जात ते लवकर बाहेर येत नसत. सांगलीचे एक आजोबा चष्मा आणि मासिक घेऊन गेले आणि जयेंद्रला तीनदा दार वाजवावं लागलं. इतर बोटवाले डबे घेऊन विरजण मागायला आले. हेमांगीने कुणालाही नाही म्हटलं नाही. फेब्रुवारी उजाडेपर्यंत खाडीतल्या सगळ्या बोटींना हापूसचा वास येत होता, आणि संध्याकाळचा वारा सुटला की जेट्टीवर उभ्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

याच वाऱ्यावर हेमांगीचे वडील आले.

आप्पा घाडींची सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हापूसची बाग होती. गेली साठ वर्षं ते एवढीच एक गोष्ट करत आले होते आणि जगात करण्यासारखी दुसरी गोष्ट आहे असं त्यांना वाटत नव्हतं. बागायतदारांत हंगामातला पहिला आंबा कुणाचा, याला फार मान असतो. आप्पांची झाडं अजून कैरीवर होती. ते लेकीला भेटायला जेट्टीवर उतरले आणि जागीच थांबले.

"कोणाचो गो ह्यो आंबो?" त्यांनी विचारलं. "फेब्रुवारीत? कोणी हाडल्यान?"

"कोणी नाय, आप्पा. बसा तुम्ही. पाणी देतंय."

पण आप्पा बसले नाहीत. नाक थोडं वर धरून ते बोटीवर चढले, स्वयंपाकघरात डोकावले, पलंगाखाली वाकून पाहिलं. हेमांगी मागोमाग होती. "आप्पा, थंय जाव नकात. तो आंबो नाय, बॅक्टेरिया आसा."

"माझां नाक फसूचां नाय," आप्पा म्हणाले. "ह्यो खडकावरच्या झाडाचो आंबो. पाडाक इललो."

बोलत बोलत त्यांनी संडासाचं दार उघडलं. आत पांढरं भांडं होतं, कोपऱ्यात बादली होती. आप्पा बराच वेळ त्या भांड्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी दार सावकाश लोटून घेतलं.

"राजा हा तो फळांचो," ते लेकीकडे न बघता म्हणाले. "त्येका तू संडासात बसवलंस."

पाणी न पिता ते उतरले. महिनाभर त्यांनी फोन उचलला नाही. आईकडून निरोप येत, "बरे आहेत. तुझं नाव काढलं की कुंपण दुरुस्त करायला जातात."

एप्रिलमध्ये हेमांगीला समेटाची संधी दिसली. पुण्याचे मल्हारी अरगडे आठवडाभरासाठी सोनसळीवर राहायला आले होते. मोठ्या देहाचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांची पुण्यात फळांची दुकानं होती. चौथ्या दिवशी सकाळी ते कठड्याला रेलून उभे होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की हेमांगीने सहज विचारलं, झोप चांगली लागली का.

"वहिनी," अरगडे आजूबाजूला पाहून म्हणाले, "तुम्हांला म्हणून सांगतो. वीस वर्षं झाली. काढे झाले, चूर्णं झाली, डॉक्टर झाले. सकाळी तास-तास बसायचं आणि तसंच उठायचं. इथे आत जाऊन बसलो, तो वास घेतला, मन कसं मोकळं झालं. आणि नुसतं मनच नाही."

हेमांगीला हे ऐकून आनंद झाला आणि त्या आनंदात तिने आईकरवी वडिलांना निरोप पाठवला: पुण्याचे व्यापारी आहेत, दलालाशिवाय अख्खी बाग घेतील, येऊन भेटा. आप्पा तयार झाले, पण बोटीवर येणार नाही म्हणाले. म्हणून अरगड्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी जेट्टीजवळ उंडीच्या झाडाखाली टेबल मांडलं. आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते. पेटीतल्या गवतातून त्यांनी एक आंबा निवडला, पंच्याने पुसला, देठाकडून कापला आणि फोड अरगड्यांपुढे धरली.

अरगड्यांनी ती नाकाशी नेली. डोळे मिटले. मग ते उघडले आणि त्यांत घाई होती.

"आलोच," असं म्हणून ते उठले आणि त्यांच्या वजनाच्या माणसाला शोभणार नाही अशा चालीने सोनसळीकडे गेले.

ते परत आले, क्षमा मागितली. आप्पांनी दुसरी फोड पुढे केली. अरगड्यांनी ती हातात घेतली, नाकापासून जमेल तितकी लांब धरली आणि बागेबद्दल, झाडांच्या वयाबद्दल विचारू लागले. तेवढ्यात वारा फिरला. ते पुन्हा उठले. तिसऱ्यांदा ते परतलेच नाहीत. जयेंद्रने येऊन सांगितलं की साहेब आतच आहेत आणि पेटी जरा झाकून ठेवा म्हणतात.

आप्पांनी सुरी पुसली, पेटीत गवत नीट लावलं. "साठ वर्सांत माझो आंबो खाऊन मनीस रडलेलो मी बघलंय," ते म्हणाले. "परसाकडे पळालेलो आज बघलंय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. हेमांगीला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

पौलोमीला हे फोनवर सांगितल्यावर ती आधी हसली आणि मग हसू थांबवून गंभीर झाली. कुत्र्याला दर वेळी घंटा वाजवून खायला दिलं की पुढे नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटते, ते सगळ्यांनी शाळेत शिकलेलं असतं. इथे घंटेच्या जागी वास होता. आणि वासाचा रस्ता फार जवळचा. पाहिलेलं, ऐकलेलं मेंदूत फिरून फिरून पोचतं, वास मात्र जवळजवळ थेट आठवणींच्या आणि भावनांच्या घरात शिरतो. "ताई," पौलोमी म्हणाली, "तुमच्या खाडीतून या हंगामात किती पर्यटक गेले असतील?"

उत्तर पुण्या-मुंबईहून यायला लागलं. मंडईत पेटीचं झाकण उघडलं की काही गिऱ्हाइकं अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघत. कोथरूडच्या एका बारशाच्या जेवणाची चित्रफीत सगळीकडे फिरली. आमरसाचं पातेलं पंगतीत आलं आणि सोनसळीवर राहून गेलेलं अख्खं कुटुंब, आजीसकट, एकामागोमाग उठून गेलं. आजी दारातल्या सुनेला बाजूला सारताना स्पष्ट दिसत होती.

बागायतदार संघाने शाळेच्या सभागृहात सभा बोलावली. बोटवाले एका बाजूला, बागवाले दुसऱ्या बाजूला. आप्पा पहिल्या रांगेत होते. हेमांगी मागे बसली. पौलोमीही आली होती आणि तिने उभं राहून सांगितलं की जिवाणूत थोडा बदल केला तर वास बदलता येईल. कुठला हवा ते ठरवा.

"बकुळ," कुणीतरी म्हणालं. देवळाचे गुरव उठले आणि म्हणाले, देवाच्या गळ्यातला हार आहे तो. सुरंगीच्या फुलांचं नाव निघताच त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकणाऱ्या बायका एकदम बोलू लागल्या. काजूवाल्यांनी काजूला नकार दिला, कोकमवाल्यांनी कोकमाला. एका बोटवाल्याने तळलेल्या बोंबलाचं नाव घेतलं आणि खानावळीच्या मालकिणीने त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांनी गुलाब सुचवला. इथे गुलाब कुणीच लावत नाही. सगळ्यांना पटलं, संघाचे अध्यक्ष लिहून घ्यायला लागले.

"लग्नात गुलाबपाणी शिंपडतात हो," मागून एक बाई शांतपणे म्हणाली. "मंगलाष्टकं चालू असताना अख्खा मांडव उठला तर?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा हेमांगी उभी राहिली. बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. "कुणाचाच वास नको," ती म्हणाली. "प्रत्येक वास कुणाच्या तरी घरातला आहे. विरजण माझ्या बोटीवरून सगळीकडे गेलं. मी आजच टाकी उपसून, औषध घालून धुते. बाकीच्यांनी काय करायचं ते ज्याचं त्याने बघा."

"आणि तुझं मे महिन्याचं बुकिंग?" शेजारचा बोटवाला कुजबुजला.

"जाईल," हेमांगी म्हणाली. तिला आप्पांची पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही.

सभा संपल्यावर पौलोमी तिच्याबरोबर जेट्टीपर्यंत चालत आली. वाटेत ती म्हणाली, "ताई, एक सांगू? टाकीला दोन्ही बाजूंनी रुंद नळ्या काढल्या, म्हणजे वारा आरपार जाईल, आणि माशांच्या काचपेटीत असतो तसा हवेचा छोटा पंप आत सोडला, तर हवेवर जगणारे साधे जिवाणूच सगळं काम करतात. शिवाय खाडीचं पाणी बंद करून गोडं पाणी वापरायचं आणि वास मुरलेले जुने रबरी पाइप बदलायचे. वास जवळजवळ राहत नाही."

हेमांगी थांबली. "हे डिसेंबरात का नाही सांगितलंस?"

पौलोमीने चपलेने वाळू उकरली. "नळीवर संशोधन करायला निधी कोण देतं, ताई? मी माझं विरजण घेऊन आले होते. मला ते कुठेतरी घालायचं होतं."

हेमांगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. पौलोमीने त्या रात्री टाकी धुवायला मदत केली. जयेंद्रने दोन दिवस बोटीच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली. बुकिंगं गेली, जशी जाणार होती तशी. बाकीच्या बोटवाल्यांनी आठवडाभर वाट पाहिली, मग एकेक करून तेही नळ्या मागायला आले. मेच्या मध्यावर एका सकाळी ई-नाकाच्या पडद्यावर नवे शब्द उमटले: विशेष काही नाही.

त्याच दिवशी आप्पा आले. ते सरळ बोटीवर चढले, कठड्यावरून वाकून नळ्यांची तोंडं पाहिली, एकीत बोट घालून बघितलं. "ह्यां आधीच करूक व्हया होतां," ते म्हणाले आणि पाटावर जेवायला बसले. त्यांनी बरोबर आणलेली आंब्यांची टोपली हेमांगीने खोलीत पलंगाखाली सारली. आप्पांनी सुकं दोनदा मागून घेतलं. नंतर ते दर दोन-तीन दिवसांनी टोपलीत घालायला नवे आंबे घेऊन येऊ लागले.

मेच्या शेवटी अरगडे न कळवताच आले. पुण्याहून ते गाडीत बसले तेव्हापासून त्यांच्या मनात एकच जागा होती. महिनाभर त्यांनी आपल्या दुकानातले आंबे हुंगून पाहिले होते. पण रसायनाची पुडी घालून पिकवलेल्या फळाला तो वास नसतो, आणि त्यांच्या शरीराला फरक कळत होता. त्यांनी हेमांगीला नमस्कार केला, पिशवी जयेंद्रच्या हातात दिली आणि आत गेले.

बऱ्याच वेळाने आतून खोल आवाज आला. "वहिनी, वास कुठे गेला?"

हेमांगीने दाराबाहेरून सगळं सांगितलं. नळ्या, पंप, गोडं पाणी. अरगडे आतून म्हणाले, "छान केलंत. सगळ्यांच्या सोयीचंच केलंत." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तो ऐकवत नव्हता.

आप्पा कठड्याजवळ आंबे उतरवायच्या काठीचं जाळं विणत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. हातातली सुई थांबली, पुन्हा चालू झाली, पुन्हा थांबली. "वीस वर्सां झाली त्येका, असां म्हणालंस ना तू?" त्यांनी लेकीला विचारलं.

"होय."

आप्पा उठले. खोलीत जाऊन पलंगाखालची टोपली ओढली, एकेक आंबा हातात तोलून परत ठेवत गेले आणि शेवटी एक निवडला. पंच्याने पुसला. सुरी घेऊन ते संडासाच्या दाराशी आले, उकिडवे बसले, देठाकडून आंबा कापला आणि फोड दाराखालच्या फटीशी धरली. जयेंद्रला बोलायचं होतं, हेमांगीने त्याचा हात दाबला.

"अरगडेनू," आप्पा दाराला म्हणाले, "सावकाश. घाई करू नकात. येता काय वास?"

आतून एक दीर्घ श्वास ऐकू आला. "येतोय, आप्पा. पण जरासा कच्चा आहे का हो?"

आप्पांनी फोड आपल्या नाकाशी नेली, विचार केला आणि मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि आणखी पिकलेला शोधायला पुन्हा टोपलीकडे गेले.